बाबा, आमचं गाव लाल की निळं?

९ मार्च २०२५

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा विषय काढायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यावर बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. बाबा, आधी नीट टेकून बसा. मी गेल्या जूनमध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. नऊ महिने तुम्हाला सांगितलं नाही, ते मनाला खात होतं.

घाबरू नका, तुटलं काहीच नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, हातात आलंय, जन्मभर केव्हाही येता-जाता येईल. तिकडे मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारशाने आलेली राहते. म्हणजे खालच्या रानाची काळजी नको. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. तो मी तुमच्या पत्रांच्या डब्यातच ठेवलाय.

आई म्हणेल, ग्रीन कार्डावर काय अडत होतं? अडत नव्हतं गं. पण इथे व्हर्मॉन्टमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, आपल्या ग्रामसभेसारखीच. शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, मागच्या टेबलावर घरोघरून आलेली जेवणाची भांडी, आणि बर्फ काढायचा ट्रक अजून एक वर्ष काढेल का, यावर तासभर वाद. २०२३ला वाचनालयाचे पैसे कमी करायचं निघालं. ईरा रोज दुपारी तिथेच असते. मी बोलायला उठले, तर मतदार नसलेल्याला बोलायचं तर सभेची परवानगी लागते म्हणाले. मग मला बोलू द्यायचं का, यासाठी हात वर झाले. झाले सगळ्यांचेच, प्रेमानेच झाले. पण ते हात मोजून होईपर्यंत मी तिथे उभी होते ना, तेव्हाच मनाशी ठरलं.

बाबा, टीव्हीवरचा नकाशा बघून तुम्ही दर वेळी विचारता, तुमचं गाव लाल की निळं? राज्य निळं, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचं, दिसतं खरं. पण हेच व्हर्मॉन्ट १८५६ ते १९६० अध्यक्षपदाला एकदाही न चुकता रिपब्लिकन, म्हणजे लाल, होतं. १९३६ला डेमोक्रॅट रूझवेल्टच्या लाटेत फक्त मेन आणि व्हर्मॉन्ट ही दोनच राज्यं विरोधात राहिली. पुढे बॉस्टन-न्यूयॉर्ककडची माणसं येऊन स्थिरावली, आणि १९९२पासून अध्यक्षपदाला डेमोक्रॅटच. पलीकडची एसेक्स काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, मात्र गेल्या तिन्ही वेळा रिपब्लिकन ट्रम्पकडे गेली. आमच्या गावात दोन्हीकडची माणसं आहेत, आणि एका माणसाचीही दोन मतं असतात! नोव्हेंबरमध्ये राज्यात अध्यक्षपदाला डेमोक्रॅट कमला हॅरिसना ६० टक्क्यांच्या वर मतं पडली आणि त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाला रिपब्लिकन फिल स्कॉटना ७०च्या वर. शाळांच्या खर्चापायी घरावरचा कर सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास वाढला होता, तो राग विधिमंडळातल्या डेमोक्रॅटांवर निघाला आणि त्यांचं दोन-तृतीयांश बहुमत गेलं.

समोरच्या गाईवाल्या आजोबांच्या दारात ट्रम्पची पाटी होती, डावीकडच्या बाईंच्या दारात हॅरिसची. आजोबा एकदा ईरासमोर बाहेरून आलेल्यांबद्दल असं काही बोलले की मला लागलं. मी त्यांना तसं सांगितलं. पटलं असं नाही वाटलं, पण ऐकून घेतलं. चार दिवसांनी अमोल गावाला असताना रात्रभर बर्फ पडला, तर पहाटे पाचला ट्रॅक्टर घेऊन आमची वाट मोकळी करून गेले. हे मला जपायचंय, बाबा. हात की घड्याळ झाल्यावर आप्पाकाकांकडचा गणपती आपण किती वर्षं बघितला नाही, ते मी विसरलेले नाही. तुमचं चुकलं असं म्हणत नाही.

आणि तुम्हाला आवडेल असं एक. इथे नवीन मतदाराला शपथ घ्यावी लागते, १७७७च्या राज्यघटनेपासूनची. सदसद्विवेकाने मत देईन, कुणाच्या भीतीने नाही की कुणाच्या मर्जीसाठी नाही. म्हणताना माझा आवाज कापला. नोव्हेंबरात मी मोजणीला मदतनीस होते. लहान गाव, मतं हातानेच मोजतात. पन्नासचा गठ्ठा, मी वाचायचं, शेजारणीने खूण करायची, मग अदलाबदल. रात्री घरी येताना तुमचीच आठवण. इलेक्शन ड्युटीवरून शेवटच्या एसटीने यायचात, शर्टाला लाखेचा वास असायचा, आणि मी झोपेचं सोंग घेऊन तुम्ही पांघरूण घालायची वाट बघायचे. अजूनही कधी कधी तशी वाट बघते.

या मंगळवारी मी परवानगी न मागता बोलले. वाचनालयाचे पैसे वाचले. ईरा मागे बसून बघत होती.

आम्ही मजेत आहोत. घर उबदार आहे, लाकडं एप्रिलपर्यंत पुरतील, तूरडाळ बर्लिंग्टनला मिळते, कुकरची नवी रिंगही मिळाली.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. माळ्यावर चढायचं नाही, बाळूला सांगा. उपाशीपोटीची साखर या आठवड्यातच तपासा आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. रागावला असाल तर रागवा, पण रविवारचा फोन उचला.

गुरुवारी होळी. आई, बाबांना पुरणपोळी एकच.

तुमची,
मनू