ड्रोन डोक्यावर पडला तर कोणता अर्ज भरायचा?

मा. नागरी हवाई वाहतूक मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

पुण्याहून, धानोरीतून लिहितो आहे. डाव्या हाताच्या एका बोटाने. उजव्या मनगटात प्लेट आहे. काना-मात्रा चुकली तर क्षमा असावी. सूर चुकला तर क्षमा मागणार नाही.

वैशाखातली लग्नतिथी होती. आमच्या इमारतीमागे मंगल कार्यालय आहे. सौ.ने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. (पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एवढंच पद मिळतं.) खाली नवरदेवाची एन्ट्री चालली होती, वर ड्रोन घोंघावत होता. केबलवाल्यांनी या गच्चीवरून त्या गच्चीवर फेकलेल्या काळ्या वायरींत तो अडकला, गिरकी खाऊन थेट माझ्या अंगावर आला. हात आडवा धरला म्हणून डोळा वाचला, पण मागे सरकताना टाकीच्या ओट्यावर आपटलो. दोन पोरं धावत वर आली. मला वाटलं, मला उचलायला आली. त्यांनी ड्रोन उचलला, "काका, सॉरी हां" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न: ड्रोनचा नंबर काय? म्हटलं, अंगावर येताना वाचायचा राहिला. कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला, शूटिंगवाले मुलीकडचे. मुलीकडचे म्हणाले, इव्हेंटवाल्याचे. इव्हेंटवाल्याचा फोन बंद. मेडिक्लेमवाल्यांना पोलिसांचा कागद हवा, पोलिसांना ड्रोनचा नंबर हवा आणि दवाखान्याला 1 लाख 40 हजार हवे होते, ते मात्र लगेच. ते मी भरले. पेन्शनीतून. रात्री कूस बदलली की हात ठणकतो, शर्टाची बटणं सौ. लावते, पोळीचा तुकडासुद्धा मोडता येत नाही. वरण-भात डाव्या हाताने खातो आणि नातू हसतो.

प्लास्टरमधला माणूस काय करणार? तुमचे 2021 चे ड्रोन नियम वाचून काढले. 25 ऑगस्ट 2021 ला ते आले तेव्हा केवढा गाजावाजा! अर्ज 25 होते, त्यांचे 5 केले; शुल्कांचे प्रकार 72 होते, त्यांचे 4 केले. छान केलंत. उडवणाऱ्याला 5 अर्ज. ज्याच्यावर पडला त्याला किती? मी शोधतोच आहे.

नियम वाईट नाहीत, हेच तर दुःख आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. लोहगावची धावपट्टी आमच्या एवढी जवळ की सुखोई उडालं की कपाटातल्या कपबश्या वाजतात. त्याची तक्रार नाही, ते देशाचं काम आहे. पण त्याच आकाशात नवरीच्या मावशीचा नाच टिपायला परवानगी कुणी दिली? नियम म्हणतो, अपघात झाला तर 48 तासांत उडवणाऱ्याने कळवायचं. म्हणजे पळून गेलेल्यानेच आपण पळालो हे पोर्टलवर भरायचं! तिऱ्हाइताच्या (थर्ड पार्टी) विम्याला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू केल्यात. मग मोटारीसारखी पाटी दिसू द्या ना. माझ्या 2011 च्या स्कूटरला 531 रुपये भरून नवी पाटी लावायला लावलीत. ती स्कूटर भाजी आणायला निघते आणि कधी कुणाच्या मनगटावर पडलेली नाही. दंडाची कमाल मर्यादा एक लाख. माझं बिल त्याहून जास्त, आणि तो दंडही जाणार सरकारात.

आमच्या धानोरी-विश्रांतवाडी पट्ट्यात मी मोजलेली कार्यालयं नऊ. (त्यातली दोन भाच्याने सांगितलेली.) रोज दोन मुहूर्त, वर्षाला साठ तिथी, म्हणजे हजाराच्या वर उड्डाणं. साठ हा आकडा पंचांग न उघडता सांगतोय, पण तुमच्याकडे तरी कुठे मोजदाद आहे?

मी ड्रोनचा वैरी नाही. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झापच्या आरोग्य केंद्रात ड्रोनने लसी गेल्या, तेव्हा ती बातमी मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. पुरंदरच्या सोनोरीत गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली. गावठाण मोजायचं तर आधी दवंडी पिटतात, हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, मग यंत्र वर जातं. खेड्याला हा मान, आणि पन्नास लाखांच्या शहराला? 2024 च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यातली गावं ड्रोनच्या भीतीने काठ्या घेऊन जागली, तेव्हा शहरातले आपण हसलो होतो.

उद्या औषधं, परवा पिझ्झा ड्रोनने येणार म्हणता. उतरणार कुठे? गच्चीवर सोलर, टाक्या, मोबाइलचे टॉवर, संक्रांतीनंतर महिनाभर लोंबणारा मांजा आणि त्या वायरी. त्या वायरी काढा म्हणून मी गेली सहा वर्षं अर्ज करतो आहे. अपघातानंतर एका बैठकीत एक अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ दिवसांत ड्रोनच्या नियमांचे मराठी फलक लावतो, तक्रारीला फोन नंबर देतो." त्याला दोन महिने झाले. खाली पदपथ टपऱ्यांनी नेले, रस्ते खड्ड्यांनी नेले, नदीत पाणी कुठलं नि सांडपाणी कुठलं ते ओळखू येत नाही. वरचं तेवढं मोकळं होतं. तेही सांभाळायला माणूस नाही आणि परवान्याला मात्र खिडकी एक, तीही ऑनलाइन.

मागणं फार नाही. कार्यालयाची तारीख ठरवतानाच ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा कागद लिहून घ्या. क्रमांक खालून दिसेल एवढा मोठा असू द्या. आणि चौकीतल्या हवालदाराला त्या क्रमांकावरून मालक शोधता येऊ द्या.

जाता जाता एक. परवा टाकीमागे त्याच ड्रोनचं एक मोडकं पातं सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवलंय. पोलीस म्हणतात महापालिकेत द्या, महापालिका म्हणते पोलिसांत द्या. कुठे जमा करायचं तेवढं कळवावं.

आपला,
धानोरीतील एक निवृत्त (आणि सध्या डावखुरा) नागरिक