तात्यांचा कागद सापडला

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रिय मित्रा,

तुझ्या काकांचा, अमेरिकेत शिकायला येऊन बेपत्ता झालेल्या तात्यांचा, मृत्यूचा दाखला सापडला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बोलताना त्यांचे भाऊ अण्णा तुझ्या शेजारीच बसलेले असतात. त्यात जे आहे ते आधी तू एकट्याने वाचावंस असं वाटलं, म्हणून पत्र लिहितोय.

तात्या २२ नोव्हेंबर १९९३ ला गेले. हृदयविकाराने, सॅक्रामेंटोच्या एका रुग्णालयात. वय ५५.

तुझ्या आजी, म्हणजे तात्यांच्या आई, गेल्या १९९६ च्या आषाढात. तेव्हा आपण आठवीत होतो. ओट्यावर बसून पोस्टमनकडे बघणाऱ्या आजी मला अजून दिसतात. त्या ज्याच्या पत्राची वाट बघत होत्या, तो शेवटची अडीच वर्षं या जगातच नव्हता. हे कळलं तेव्हा मी गाडीत बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कागद मिळायला सहा महिने लागले, याला कारण माझी चूक. तात्यांच्या शेवटच्या पाकिटावरचा पत्ता डेव्हिसचा होता. डेव्हिस योलो काउंटीत येतं (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), म्हणून मी योलोत अर्ज केला. उत्तर आलं, या नावाची नोंद नाही. वाटलं, ते कॅलिफोर्निया सोडूनच गेले असणार. मग दोन महिने ॲरिझोना आणि ओरेगन धुंडाळण्यात घालवले. खरं तर हे मला सुचायला हवं होतं. आपल्याकडे गावचा माणूस सांगलीच्या दवाखान्यात गेला तर दाखला सांगली महापालिकेतून आणावा लागतो, ग्रामपंचायतीतून मिळत नाही. इथेही तसंच आहे. माणूस कुठे राहत होता याला महत्त्व नाही, जीव कुठे गेला त्या काउंटीत नोंद होते. डेव्हिसहून सॅक्रामेंटो जेमतेम पंचवीस किलोमीटर, मध्ये एक लांबलचक पूल, त्यापुढे सॅक्रामेंटो नदी, आणि नदीपलीकडे काउंटी बदलते.

शेवटी उपयोगी पडली ती सूची. कॅलिफोर्नियात १९४० ते १९९७ या काळात झालेल्या मृत्यूंची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येते. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, आईचं माहेरचं आडनाव आणि मुख्य म्हणजे मृत्यू कोणत्या काउंटीत झाला ते असतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मी चार प्रकारे घालून पाहिलं, काही हाती लागेना. मग आडनाव सोडून दिलं आणि भारतात जन्मलेले, जन्मतारीख १ जून १९३८, एवढ्यावर शोधलं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहून टाकलेला तो १ जून! अण्णांचाही १ जूनच ना? गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एका दिवशी येतो तो याच मास्तरांमुळे, आणि त्यांनीच तात्यांना शोधून दिलं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं, बापाचं नाव मात्र बरोबर होतं.

आता कागदात काय आहे ते सांगतो. धंदा या रकान्यात टोमॅटोच्या कॅनरीतला, म्हणजे टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यातला, सुपरवायझर असं लिहिलंय. शिकायला आलेला माणूस, शेतकी पदवी राहिली ती राहिलीच असं दिसतं. या काउंटीत किती वर्षं राहिले असाही एक रकाना असतो, त्यात २४. लग्न झालेलं नाही. माहिती देणाराचं नाव आहे आणि नात्याच्या जागी फक्त ‘मित्र’. या मित्राला मी अजून शोधतोय, पण एक गोष्ट त्याच्याबद्दल नक्की सांगता येते: आईचं माहेरचं आडनाव विचारल्यावर त्याने ते बरोबर सांगितलं. तू मला पाठवलेल्या वंशावळीत आजींचं नुसतं सासरचं नाव आहे, माहेर कुठेच नाही. ते इथे, टोमॅटोच्या मुलखातल्या कागदावर टाइप केलेलं मिळालं. म्हणजे तात्या आईबद्दल बोलत असणार, आणि ऐकणाराने ते लक्षात ठेवलं.

दहन झालं. रक्षा सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडली, हेही लिहिलेलं आहे. अण्णांना हे सांगशीलच. कुठे गेला, कोणी काही केलं की नाही, हेच ते तीस वर्षं विचारत आलेत. मला यावरून आनंदीबाई जोशी आठवल्या. त्या २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या आणि त्यांची रक्षा इकडे न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आली, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. तिथे दगड आहे, पण मृत्यू पुण्याचा. तात्यांचं उलट झालं, दगड कुठेच नाही आणि नोंद इथे आहे.

आता जमिनीचं. तुमच्या वकिलांनी सुचवलं होतं की सात वर्षं बेपत्ता म्हणून कोर्टाकडून मृत ठरवून घ्या आणि वारस नोंद करा. त्याने माणूस मेला एवढं धरलं जातं, कधी मेला ते ठरत नाही. आणि इथे सगळं तारखेवरच आहे. तात्या अविवाहित, आणि ते गेले तेव्हा आजी हयात होत्या. १९५६ च्या वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, म्हणजे तात्यांचा हिस्सा आधी आजींकडे गेला आणि आजींनंतर त्यांच्या सगळ्या मुलांकडे. मिरजेच्या आत्या त्यात येतात. वकिलांकडून पक्कं करून घे, पण फेरफारासाठी तलाठ्याकडे जाण्याआधी आत्यांना हे तुम्ही सांगा. त्यांना ते दुसऱ्याकडून कळू नये. तुला वाईट वाटलं तरी मी हे लिहिणारच होतो.

सोबत पाठवलेली प्रत फक्त माहितीसाठीची आहे. तिच्यावर तसा आडवा शिक्का आहे, ती सरकारी कामाला चालणार नाही. मी परका, मला तेवढीच मिळते. पुरी प्रत मिळण्याचा हक्क आईवडील, नवराबायको, मुलं, नातवंडं, भावंडं अशांना आहे. पुतण्याला नाही, म्हणून तुझ्या सहीने काम होणार नाही, अण्णांचीच लागेल, आणि तीही नोटरीसमोर. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची सोय आहे, आधी वेळ घ्यावी लागते. अण्णांना प्रवास झेपेल का ते बघ, आत्या बहीण म्हणून त्यांच्या जागी सही करू शकतात. प्रत हातात आली की मी सॅक्रामेंटोला राज्याच्या सचिवांच्या कार्यालयात जाऊन तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, करून आणतो. भारत २००५ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे, त्यामुळे वेगळ्या साक्षांकनाची गरज पडू नये.

तुझ्या मेहुण्याने विचारलं होतं, त्यांच्या शेजाऱ्यांची पणजी ओहायोत गेली, त्यांनी कुठे बघायचं. त्यांना सांग, तिथे २० डिसेंबर १९०८ च्या आधीचे मृत्यू काउंटीच्या प्रोबेट कोर्टात (मृत्युपत्रं आणि वारसाची प्रकरणं बघणारं कोर्ट) नोंदले जायचे, राज्याकडे नाहीत. कॅलिफोर्नियात राज्याची नोंद जुलै १९०५ पासूनची. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, काउंटीला विचारून उपयोग नाही, तिथे गावाच्या कारकुनाकडे जावं लागतं.

अर्जाचा कोरा फॉर्म पाकिटात आहे. त्यात तात्यांचं आडनाव दाखल्यात आहे तसंच, चुकीच्या अक्षरासकट लिही. आणि आजींचं माहेरचं गाव कोणतं ते अण्णांना विचारून ठेव. रविवारी तुमच्याकडे सकाळी आठ वाजता फोन करतो.

तुझा,
बाळू