पार्किंगमध्ये बॉनेट उघडायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकांवर आपण कित्येक महिने समोरासमोर बसलो. तुम्ही सासऱ्यांना घेऊन यायचात, मी आईला. ओळख मान हलवण्यापुरतीच. त्या एका शनिवारी चार तास बोललो, आणि पुढच्याच आठवड्यात तुमच्या सासऱ्यांची पाळी बदलल्याचं नर्सकडून कळलं. नंबर घ्यायचा राहून गेला. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

तुम्हाला आठवत असेल, रात्रभर पाऊस झाला होता. आईला दारात उतरवून मी गाडी लावत होतो. तुम्ही शेजारी उभ्या होतात. छत्री मिटता मिटता थांबलात आणि नुसता कान दिलात. मी काच खाली केली तेव्हा म्हणालात, "मिसिंग करतेय. किती दिवस झाले?" मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून न पेटणं.

मी म्हटलं, तीन आठवडे.

"चेक इंजिनचा दिवा नुसता लागतो की लुकलुकतो?"

चढावर लुकलुकतो म्हटल्यावर तुमचा चेहरा बदलला. लुकलुकणारा दिवा म्हणजे गाडी त्या क्षणी थांबवायची खूण असते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून लाल होतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो, हे तुम्ही सांगितलंत. रागावूनच सांगितलंत, आणि तो राग मला बरा वाटला. तीन आठवड्यांत गाडीबद्दल माझ्याशी सरळ बोललेलं तुम्ही पहिलंच माणूस होतात.

कारण तोवर माझं काय चाललं होतं ते सांगतो. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावून सांगितलं होतं, तीन नंबरचा सिलिंडर काम करत नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे चारही प्लग नवे टाकले, तरी थरथर तशीच. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह जळलाय. हेड उतरवावं लागेल. उघडल्यावर रिंगाही निघतील कदाचित. दहा दिवस धरून चला." म्हणजे सिलिंडरची झडप जळलीय, इंजिनाचा वरचा भाग उतरवायचा, आणि पिस्टनभोवतीच्या कड्याही बदलाव्या लागतील. अकरा वर्षांची गाडी, त्यामुळे ऐकायला पटण्यासारखं होतं. पण माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती: गाडी रोज सारखी वागत नव्हती. कोरड्या दुपारी बिनतक्रार चालायची, पावसाळी सकाळी आचके द्यायची. जळलेल्या व्हॉल्व्हला हवामानाशी काय देणंघेणं? हे मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "सुरुवातीला असंच होतं."

शंका मनात घेऊन झोपणं फार वाईट असतं, ताई. एका रात्री वाटायचं, हा माणूस मला फसवतोय. दुसऱ्या रात्री वाटायचं, ज्याने सात वर्षं आपली गाडी सांभाळली त्याच्यावर आपण संशय घेतोय, आपल्याला इंजिनातलं कळतं काय? दोन-तीन गॅरेजना फोन केले, तर प्रत्येकाने गाडी न बघताच वेगळं कारण सांगितलं. आणि दहा दिवस गाडी नाही म्हणजे डायलिसिसच्या चार-पाच फेऱ्या. मशीनवरून उठल्यावर आईचं ब्लडप्रेशर खाली येतं, तिला मागच्या सीटवर आडवं करून न्यावं लागतं. रिक्षात ती बसूच शकत नाही. त्यामुळे माझ्यासाठी तो प्रश्न गाडीचा नव्हताच.

हे सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. मग एकच शब्द विचारलात: "कशावरून?"

मला कळलंच नाही. तुम्ही म्हणालात, "व्हॉल्व्ह जळलाय हे कशावरून म्हणाले? कॉम्प्रेशन मोजलं?" म्हणजे सिलिंडरमधला दाब. मोजला नव्हता. स्कॅनरवरचा दोषाचा कोड बघितला, प्लग बदलले आणि पुढचा निष्कर्ष काढला. तेव्हा तुम्ही सांगितलंत की तुम्ही मुलांना ऑटोमोबाइलचा ट्रेड शिकवता आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक वाक्य लिहिता: कोड हा तक्रारीचा पत्ता आहे, आजाराचं नाव नव्हे.

मग तुमच्या पर्समधून तो काडेपेटीएवढा स्कॅनर निघाला. स्टिअरिंगखाली लावलात आणि फोनवर आकडा आला, पी ०३०३. तुम्ही मला तो एकेक अंक लावून वाचायला शिकवलात: ०३०० ते पुढचे हे मिसफायरचे, म्हणजे मिसिंगचे, शेवटचा अंक सिलिंडरचा. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, एक बारीक धक्का मिळतो, तो धक्का चुकला की सेन्सरला कळतं. कोणता सिलिंडर चुकला, तेवढंच त्याला कळतं. ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं की दाब नव्हता, ते त्याला ठाऊक नसतं. ते माणसाने शोधायचं.

इंजिन गार व्हायला आपण बराच वेळ थांबलो. तुम्ही मला घाई करू दिली नाहीत. तुमच्याच डिकीतून दहाचा पाना आणलात आणि तो माझ्या हातात दिलात. "मी सांगते, तुम्ही करा." वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. चार प्लगच्या डोक्यांवर त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉइल, प्रत्येकीला एक बोल्ट आणि एक कनेक्टर. तीन नंबरची कॉइल वर ओढताना ती आधी हटेना, मग हलकेच फिरवल्यावर सुटली. खालच्या रबरी नळीवर केसाएवढी बारीक राखाडी रेघ होती. नखाने पुसून पाहिली, पुसली गेली नाही. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या तळाशी गंजाचं तांबूस कडं होतं. पाणी कुठूनतरी उतरत होतं.

तरी तुम्ही म्हणाला नाहीत की हेच कारण. "दिसलं म्हणून ठरवायचं नाही," म्हणालात. तीनची कॉइल दोनवर लावली, दोनची तीनवर. कोड पुसला. सेल्फ मारला. गाडी तशीच थरथरत होती. आपण दोघं वाकून फोनच्या स्क्रीनकडे बघत होतो, आणि तेवढ्या वेळात मला आई वर मशीनला लावलेली आहे हेही क्षणभर आठवलं नाही. चार-पाच मिनिटांनी पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या दोषांच्या यादीत, आकडा आला.

पी ०३०२.

दोष कॉइलसोबत दोनवर गेला होता. व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, रिंगा हलत नाहीत. हललं होतं ते एवढंच. मला कसलं हायसं वाटलं ते मी तेव्हा बोलू शकलो नाही, म्हणून आता लिहितोय.

पावसाचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, आणि एवढी वीज नेहमी सोपी वाट शोधते. नळीला तडा असेल आणि तिथे ओल असेल, तर ठिणगी प्लगच्या टोकाशी पडायच्या आधीच बाजूच्या धातूकडे पळते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला आणखी व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे जास्त आचके. तीन आठवडे मी जे मिस्त्रींना सांगत होतो आणि जे मलाच वेडगळ वाटायला लागलं होतं, ते बरोबर होतं. गाडी कधी, कुठे, कशी बिघडते हे तिच्यासोबत रोज असणाऱ्या माणसाला दिसतं, ते सांगायला लाजू नका, असं तुम्ही म्हणालात. इतकं साधं बोलणं, पण त्याने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचेत, आणि ती माझ्या लेखी सगळ्यात मोठी आहे. मी म्हटलं, "म्हणजे तो मला लुबाडतच होता." तुम्ही मला तिथेच थांबवलंत. म्हणालात, नवे प्लग टाकूनही मिसिंग गेलं नाही, तर व्हॉल्व्हचा संशय येणं मूर्खपणाचं नाही. चूक एवढीच की मधल्या दोन पायऱ्या गाळल्या. गॅरेजमध्ये दहा गाड्या उभ्या असतात, मागे गिऱ्हाईक उभं असतं, तेव्हा पायऱ्या गाळल्या जातात. "भांडायला जाऊ नका. नवी कॉइल त्यांच्याकडूनच बसवून घ्या आणि कॉम्प्रेशन मोजून द्या म्हणा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, आकड्यावर ठेवा."

मी तसंच केलं. मिस्त्रींना सगळं सांगितलं, कॉइल हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ बघितली, काही बोलले नाहीत. मग चारही प्लग काढून, पेट्रोल आणि स्पार्क बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला मला बसवलं आणि गेज लावला. १७०, १६५, १६८, १७० पीएसआय (हे दाबाचं माप). तुम्ही सांगितलं होतंत की सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बघायचा, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर काळजी. इथे तीन टक्केही नव्हता. एखादा आकडा कमी आला तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, हेही मी पाठ करून गेलो होतो. त्याची गरज पडली नाही.

मिस्त्रींनी ते चार आकडे माझ्या बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहिले आणि म्हणाले, "हे मी आधी करायला हवं होतं." मी अजूनही त्यांच्याकडेच जातो. त्या दिवशी तावातावाने गेलो असतो तर एक चांगला माणूस गमावून बसलो असतो.

कॉइल बदलल्याला आता सात महिने झाले. झाकणाचं रबरी सीलही बदललं, विहिरीत पाणी उतरत नाही. पाऊस येतो, चढ येतो, दिवा लागत नाही. आई मागच्या सीटवर झोपून येते. परवा तिने विचारलं, ती पुस्तक वाचत बसणारी बाई हल्ली दिसत नाही, तिचे सासरे बरे आहेत ना? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही हे वाचलंत तर तेवढं नक्की कळवा.

आणि तुमचा दहाचा पाना माझ्याकडेच राहिलाय. त्या गडबडीत मी तो खिशात घातला आणि घरी गेल्यावर सापडला. डॅशबोर्डच्या खणात, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळच्या पाळीला आम्ही अजून तिथेच असतो. गाडी त्याच कोपऱ्यात, भिंतीलगत लावतो.

तुमचा ऋणी,
तीन नंबरच्या सिलिंडरवाला