गेमिंग पीसी घेताना नुसते कोअर मोजू नका

मा. संपादक,

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘गेमिंग पीसी’च्या जाहिरातींना ऊत येतो. त्यात ‘१६ कोअर’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ठळक छापलेलं असतं, पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं नाव मात्र शोधूनही सापडत नाही. विश्रामबागेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. असं मशीन उचलून आणणाऱ्या पालकांचं गाऱ्हाणं ठरलेलं: “एवढे पैसे घातले, तरी पोराचा गेम अडकतोच.”

अडकणारच. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवी तर एका चित्राला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात कोणती कळ दाबली, गोळी कुणाला लागली, तो पडला की वाचला, हे एकामागून एक ठरतं. त्यामुळे हा भाग बऱ्याच गेममध्ये एकाच कोअरच्या गळ्यात पडतो. आवाज, वस्तूंच्या टकरी, पुढचा नकाशा डिस्कवरून आणणं ही कामं इतरांना वाटता येतात. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आठ कोअर घेऊन आले, तेव्हापासून गेम लिहिणाऱ्यांना ती वाटावीच लागली. पुढे डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन ही गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधली सॉफ्टवेअरं आल्यावर ग्राफिक्स कार्डाला द्यायचे हुकूमही अनेक कोअरवर तयार करता येऊ लागले. तरी सहा-आठ दमदार कोअरच्या पुढे बहुतेक गेमना फारसा फायदा नाही. मार्केट यार्डात हळद निवडायला पन्नास बायका बसवता येतात, लिलाव पुकारायला एकच माणूस लागतो.

हळद निवडण्यासारखं, अनेकांत वाटता येणारं काम ग्राफिक्स कार्डाचं. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि बहुतेकांचा रंग शेजारच्या ठिपक्यासाठी न थांबता काढता येतो. म्हणून तर आरटीएक्स ३०६० सारख्या मधल्या फळीतल्या कार्डातही ३,५८४ छोटे कोअर आहेत. प्रोसेसरच्या १६ शी त्यांची तुलनाच नको. ते एकेकटे दुबळे, पण काम वेगळं. कार्ड नसेल तर हा सगळा भार प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर येतो. ते मशीनचीच रॅम वापरतं, आणि ती रॅमही एकाच पट्टीची, म्हणजे आणखी संथ, बसवलेली असते!

(कार्ड असूनही मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचलेली अनेकदा सापडते. त्या दुरुस्तीचे मी पैसे घेत नाही.)

जाहिरातीत कार्डाचं नाव, त्याची मेमरी आणि रॅमच्या पट्ट्या किती, एवढं तरी छापावं. ग्राहकांनी दुकानातच विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून ‘जीपीयू’ (म्हणजे ग्राफिक्सची चिप) समोर काय लिहिलंय ते पाहावं, आणि मगच पैसे मोजावेत.

— एक संगणक दुरुस्ती दुकानदार, विश्रामबाग, सांगली