क्वाय नदीवरचा पूल आणि पडद्यावर न आलेले मजूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील युद्धपटांवरील लेखात ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) हा चित्रपट शिस्तीच्या विजयाची कथा म्हणून गौरवला आहे. मला हे वाचन अपुरे वाटते.

कैदी अधिकाऱ्यांनीही मजुरी करावी असा हुकूम जपानी छावणीप्रमुख कर्नल सैतो सोडतो, तेव्हा कैदेतला ब्रिटिश कर्नल निकल्सन अधिकाऱ्यांना अशी सक्ती करू न देणाऱ्या जिनिव्हा कराराची पुस्तिका पुढे करतो, मार खातो, उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या कोठडीत पडून राहतो, पण मागे हटत नाही. इथवर आपण त्याच्या बाजूने असतो. पुढे मात्र शत्रूचा पूल वेळेत उभा राहावा म्हणून तोच आपल्या अधिकाऱ्यांना कामाला लावतो आणि आजाऱ्यांच्या झोपडीत जाऊन तिथल्या जवानांनाही उठवतो. ज्या कलमासाठी त्याने एवढे सोसले, ते त्याने आपल्याच हाताने मोडले. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. हा प्रसंग पाहताना ते एवढेच म्हणाले, “आजारी माणसाला उठवायला नको होतं.”

तरीही चित्रपटाचा खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. हा पूल ज्या रेल्वेवरचा, त्या सयाम-बर्मा (आजचे थायलंड-म्यानमार) रेल्वेचा सुमारे ४१५ किलोमीटरचा मार्ग १९४२-४३ मध्ये साठ हजारांहून अधिक युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला आणि त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. (तिथल्या एका छावणीचे प्रत्यक्षातले प्रमुख कैदी अधिकारी फिलिप टूसी तर कामात जमेल तेवढे अडथळे आणत असत.) पण त्याच मार्गावर बर्मी, जावानीज आणि मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले आपले तमिळ मजूर किती मेले, याचे अंदाज नव्वद हजारांपर्यंत जातात. पडद्यावर त्यांना जवळजवळ जागाच नाही. निकल्सनच्या हाती निदान पुस्तिका तरी होती. १९२९ चा तो करार युद्धकैद्यांपुरता होता, आणि नागरिकांसाठीचा स्वतंत्र करार व्हायला १९४९ उजाडले. एवढा मोठा गुन्हा दोन कर्नलांच्या मानापमानाच्या भांडणात झाकला जावा, याचे मला दुःख होते.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले आपली पुरवणी वाचतात. त्यांच्यासाठी लेखकाने पुढच्या भागात या मजुरांविषयी अवश्य लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)