नागरिक शाळा व संस्था मदत केंद्र : सर्व सभासद, माजी विद्यार्थी आणि हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

तरुणांना ग्रामसभा, माहिती अधिकार आणि संस्थांचा कारभार शिकवणाऱ्या आपल्या नागरिक शाळेची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. ती उभी करणारी बहुतेक माणसे हे आवाहन वाचत आहेत. तरीही जुने ऋण मानल्याशिवाय नवे मागणे जिभेवर येत नाही. संस्थापक सरांनी राहत्या घराची पुढची खोली वर्गासाठी दिली आणि शेवटपर्यंत भाड्याचा एक रुपया घेतला नाही. ग्रंथपाल बाईंनी निवृत्तीच्या पैशांतून कपाट आणि पुस्तके दिली; कपाटावर नाव घालू नका असे बजावले, म्हणून इथेही ते घालत नाही. छापखान्याच्या काकांनी माहिती अधिकाराच्या अर्जाचे नमुने वर्षानुवर्षे फुकट छापून दिले. सुतारकाम करणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्याने बाके केली आणि मजुरीचा विषयही काढू दिला नाही. या सर्वांचे आम्ही कायमचे ऋणी आहोत.

त्यांनी दिले ते वाया गेले नाही. १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, पण दोन निवडणुकांच्या मधल्या काळात तरुणाने काय करायचे, हे त्याला कोण सांगते? मिरवणुकीला, रक्तदानाला सगळ्यांना तरुण हवे असतात. तोच मुलगा ग्रामसभेत उभा राहिला की त्याला लहान म्हणून खाली बसवतात. आपली मुले बसली नाहीत. ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे सभा भरण्याइतक्या किमान हजेरीला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जी संख्या कमी असेल ती लागते, हे त्यांना पाठ आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे मुलींनी सरपंचांना कायदा उघडून दाखवले, आणि ती सभा झाली. १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा, ३० दिवस वाट पाहायची, उत्तर आले नाही तर अपील करायचे. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका (किती काम झाले याची सरकारी नोंदवही) त्यांनी अशीच मिळवली. अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

मदत केंद्र याच मुलांमधून निघाले. कितीतरी वाचनालयांचे, महिला मंडळांचे काम उत्तम चालू असते, पण कागदपत्रांपायी ती अडतात. विश्वस्त वारले की ९० दिवसांत संस्थांची नोंदणी ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो. मग दप्तरी दिवंगत माणूसच विश्वस्त राहतो, बँक सह्या बदलून देत नाही, आणि खात्यात पैसे असून वसतिगृहातल्या मुलींची फी भरता येत नाही. आपली मुले अशा संस्थांत जाऊन इतिवृत्त लिहितात, खतावणी लावतात, लेखापरीक्षणाची तयारी करून देतात. सभा कशी चालते, ठराव कसा होतो, लोकांच्या पैशाचा हिशेब कसा द्यायचा, हे त्यांना तिथेच समजते. पुस्तकातले नागरिकशास्त्र इतके पोचत नाही.

एक मनात सलते आहे. मागच्या आवाहनाला फार थोड्यांनी उत्तर दिले. वर्धापनदिनाच्या मंडपासाठी पैसे निघतात, पण हिशेबनीस ताईंच्या मानधनासाठी मागितले, तर पगाराला कसली देणगी, असे ऐकावे लागले. ज्यांचे दप्तर मुलांनी रात्री जागून लावून दिले, त्यांतल्याही काहींनी पत्राची पोच दिली नाही. वाईट वाटले. ताई गेले काही महिने अर्ध्या मानधनावर येत आहेत, संगणक बंद पडला आहे, आणि ३१ मार्चनंतर लेखापरीक्षणासाठी संस्थांची रीघ लागेल. ताईंचे मानधन, एक संगणक, मुलांचा प्रवासखर्च, एवढ्यासाठीच हे मागणे आहे.

देणगी धनादेशाने (संस्थेच्या नावे) किंवा थेट खात्यात. खाते क्रमांक पावतीच्या मागे व कार्यालयातील फलकावर. पॅन जरूर कळवा. देणगीवरची आयकर सवलत (८०-जी) जुन्या करप्रणालीतच. २,००० रुपयांवरील रोख देणगीला नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांची देणगी चालेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची स्वीकारता येत नाही, कारण परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी परकीय अंशदान नोंदणी आपल्याकडे नाही. निवृत्त बँक कर्मचारी, वकील व सनदी लेखापाल यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी मोठी मदत होईल. कार्यालय रविवार सोडून रोज सायंकाळी उघडे. मार्चअखेरीपूर्वी कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)