काका, पुढचा गिअर आता धरतो

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

लाँचचा गिअर दुरुस्त करून दिलात, त्याबद्दल फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही पाऊसपाण्याची चौकशी सुरू करता. म्हणून हे जाहीरपणे लिहितोय. नाव घालू नको म्हणालात, घातलेलं नाही. माझगावच्या गोदीत उभी हयात काढून आता धायरीत राहणारे काका, एवढं म्हटलं तरी आमच्या लाँचवरची माणसं तुम्हाला ओळखतात.

लाँच बिघडली त्या दिवशीचं पुन्हा सांगतो, कारण तुम्ही जे ओळखलंत ते त्यातूनच. पानशेतवरून शिरकोलीच्या बाजूला निघालो होतो. चौदा माणसं, दोन दुधाचे रिकामे कॅन, एका मास्तरांची पुस्तकांची खोकी. मधोमध आलो आणि इंजिन रेस घेऊ लागलं. आवाज वाढतोय, लाँच जागची हलत नाही. वारा सुटलेला, आम्ही हळूहळू खडकाकडे सरकत होतो. काहीच सुचेना, म्हणून मागचा गिअर टाकला आणि तो लागला. तसाच, उलट्या तोंडाने, लाँच काठाला आणली. एक म्हातारी उतरताना माझ्या हातावर हात ठेवून गेली, काही बोलली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे पंधरा दिवस लाँच बांधून ठेवलेली. ज्या वर्कशॉपने आदल्या वर्षी गिअरची केबल बदलली होती, त्यांनी गिअरबॉक्स न उघडताच सांगितलं, संपला, नवीन घ्या. दीड लाखाच्या पुढचा आकडा. आम्ही दोघा भावांनी ट्रॅक्टर विकायचं बोलणं सुरू केलं होतं. ऑइल सील मिळतंय का बघायला बोहरी आळीत गेलो, तिथल्या दुकानदाराने तुमचा नंबर दिला.

फोनवर तुम्ही पहिलं काय विचारलंत ते मला शब्दन् शब्द आठवतं. “मागचा धरतो ना? मग पंखा, शाफ्ट, कपलिंग, डॅम्पर यांच्यावर आळ घेऊ नकोस.” पाणी कापणारा पंखा, त्याला फिरवणारा शाफ्ट, शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारं कपलिंग, इंजिनाचे धक्के सोसणारा डॅम्पर, पुढे जाताना आणि मागे जाताना हे सगळे भाग तेच असतात, त्यातला एखादा गेला असता तर दोन्हीकडे घसरलं असतं. वेगळं असतं ते गिअरबॉक्सच्या आत, मुख्य म्हणजे क्लचच्या प्लेटांचं जोडपं, आणि ते दाबायला तरफ त्या बाजूला किती सरकते तो पल्ला. अकरा वर्षं लाँच चालवतोय, ही गोष्ट मला कुणी अशी उलगडून सांगितली नव्हती.

रविवारी तुम्ही नातवाच्या गाडीवर मागे बसून आलात, मांडीवर हत्यारांची पिशवी. डोणजे, खानापूर करत इथपर्यंत, या वयात. चहासुद्धा नंतर म्हणालात. लाँच दोन दोरांनी काठाला करकचून बांधायला लावली, शाफ्टवर चकाकती पट्टी चिकटवली, कपलिंगवर खडूची रेघ ओढली. इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर. आमचा गिअरबॉक्स हर्थ कंपनीचा, गुणोत्तर जवळपास २:१, म्हणजे शाफ्ट ७०० च्या आसपास फिरायला हवा. मागच्या गिअरला टॅकोमीटरने ६९० दाखवले. पुढच्याला ५२०, आणि गरम होईल तसा आकडा खालीच. खडूची रेघ मात्र जागची हलली नव्हती, म्हणजे कपलिंग निर्दोष.

मग गिअरबॉक्सची तेल बघायची काडी, डिपस्टिक, काढून तुम्ही ती माझ्या नाकाशी धरलीत. यात ए.टी.एफ. असतं, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमधलं ते तांबडं तेल. आमचं काळपट तपकिरी झालेलं, करपलेल्या फोडणीसारखा वास. “पातळी ठीक आहे, तेल भाजलंय. कशाने भाजलं ते शोधू.”

आणि पिशवीतून मोजपट्टी काढलीत. साधी स्टीलची, कोपऱ्यात गंजलेली. गिअरबॉक्सवरच्या तरफेच्या बाहेरच्या भोकापाशी धरून न्यूट्रलपासूनचा पल्ला मोजलात. मागे ३८ मिलिमीटर, पुढे २६. या गिअरबॉक्सला दोन्हीकडे किमान ३५ लागतात. तुम्ही केबल सोडवलीत, तरफ हाताने पुढे पूर्ण ढकलून धरलीत, आणि शाफ्ट ५२० वरून ६४० वर गेला. माझा भाऊ तिथेच खाली बसला. वर्षभरापूर्वी केबल बसवताना ती धरून ठेवणारा क्लॅम्प बोटभर चुकीच्या जागी आवळला होता. पुढचा गिअर कधी पूर्ण पडतच नव्हता. प्लेटा अर्धवट दाबलेल्या, घासत, तापत राहिलेल्या. आणि प्लेटा झिजतील तसा तरफेला जास्त पल्ला लागतो, तो केबल देऊ शकत नव्हती, म्हणून दुखणं महिन्यागणिक वाढत गेलेलं.

मला वाटलं झालं काम, केबल सारखी केली की निघू. तुम्ही नाही म्हणालात. ६४० म्हणजे ७०० नव्हे. पुढच्याच रविवारी गिअरबॉक्स उतरवला. ओट्यावर गोधडी घालून तो उघडलात तेव्हा आईसुद्धा बघायला आली. पुढच्या बाजूच्या प्लेटा एकेक करून काचेवर ठेवल्यात. कडेला निळसर झाक, आणि बोटाने दाबलं की एक कडा उचलली जात होती. मागच्या बाजूच्या मात्र जशाच्या तशा सपाट, राखाडी. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक शाळेतल्या पोरालाही दिसला असता. मी त्यातली एक वाकलेली प्लेट अजून स्टीअरिंगच्या शेजारी टांगून ठेवली आहे.

प्लेटा मुंबईहून मागवल्या, सील नाना पेठेत मिळाले. जोडताना कपलिंगच्या दोन तोंडांत चारही बाजूंनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, फिरवून फट ०.१ मिलिमीटरच्या आत आणलीत, आणि तेही लाँच पाण्यावर तरंगत असताना. काठावर ओढलेल्या लाँचचा तळ वेगळा बसतो, असं म्हणालात. सगळा खर्च वर्कशॉपच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही आला नाही. तुमचे पैसे विचारले तर हात जोडलेत. तुमच्या पिशवीत मी गुपचूप घातलेला इंद्रायणी तांदूळ तेवढा परत आला नाही, हे आमचं भाग्य.

चाचणीच्या फेरीत तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग सांगितलंत, की १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, तेव्हा तुम्ही चौथीत होतात. शनिवार पेठेतलं घर, आजीची चूल, सगळं वाहून गेलं. मोठेपणी जन्म बोटींत गेला, पण पानशेतच्या पाण्याकडे पाय वळला नव्हता. आमच्यासाठी तुम्ही इथे आलात काका. गिअरबॉक्सचे पैसे वाचले याचे आभार आहेतच, पण हे मला फार जड वाटतं, चांगल्या अर्थाने जड. त्या दिवशी काय बोलावं ते कळलं नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला पट्टी लावतो. वही केली आहे. आज पुढे ३७, मागे ३८, तेल तांबडं. प्लेटा बदलल्यावर थोडे दिवस चालवून तेल पुन्हा बदल म्हणाला होतात, तेही केलं. त्या म्हातारीला मी परवा पलीकडे नेऊन सोडलं. तिने विचारलं, “आता सरळ जातीय का रं?”

आईने यंदाचा तांदूळ काढून ठेवलाय. काकूंना आणि नातवाला घेऊन या, शिरकाई देवीच्या दर्शनाला शिरकोलीला जाऊन येऊ. इंजिनाशेजारची जागा तुमची.

आपला,
पानशेतचा लाँचवाला